आमच्या गावानं युद्धकाळात अध्यक्ष कसा निवडला

युद्ध चालू असताना जी निवडणूक होते, तिच्यात राष्ट्राचा आत्मा बोलतो. हे वाक्य माझंच आहे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं असताना तिथल्या एका राज्यानं अध्यक्षपदासाठी मतदान कसं केलं, या विषयावर धुळ्याच्या एका महाविद्यालयात मी व्याख्यान दिलं, त्याची सुरुवात मी या वाक्यानं केली होती. शिपायांनी छावणीत मतं टाकली, त्यांच्या घरच्यांनी गावात रांगा लावल्या, रोज मेलेल्यांच्या बातम्या येत होत्या आणि तरीही लोक आपला अध्यक्ष निवडत होते, असं सगळं मी भारावून सांगितलं. टाळ्या पडल्या. आभार मानणाऱ्या प्राध्यापकांनी मला इंग्लंडच्या इतिहासाचे गाढे अभ्यासक म्हटलं.

त्यानंतर वर्ष उलटायच्या आत माझ्याच गावात युद्धकाळात निवडणूक झाली आणि राष्ट्राचा आत्मा नेमकं काय बोलतो ते मला जवळून ऐकायला मिळालं. तो अहिराणीत बोलत होता.

आमचं गाव धुळ्याहून पारोळ्याकडे येताना महामार्गापासून थोडं आत आहे. नोकरीमुळे मी जळगावला राहिलो आणि निवृत्त झाल्यावरही तिथेच आहे. मतदार यादीतलं नाव मात्र गावात ठेवलंय. एक कारण म्हणजे शेत तिथे आहे. दुसरं म्हणजे शहरातले उमेदवार नुसते हात जोडतात; गावातले उमेदवार घरात येऊन खोटं बोलतात, त्यात मेहनत दिसते.

सरपंच थेट लोकांमधून निवडायचा असं सरकारनं ठरवल्यापासून गावोगावी अध्यक्षीय पद्धत आली आहे. आमच्या राज्याला सैन्य नाही, चलन नाही, आणि परराष्ट्र धोरण म्हणजे पाटचारीच्या पाण्यावरून शेजारच्या गावाशी भांडण. पण थेट निवडलेला राष्ट्राध्यक्ष आहे. आधीच्या सरपंचबाईचा जातीचा दाखला पडताळणीत अडकला आणि तिचं पद गेलं, म्हणून त्या उन्हाळ्यात पोटनिवडणूक लागली. पद बाईसाठी राखीव होतं. निवडणूक होईपर्यंत मी गावच्या घरी येऊन राहिलो.

गावात सत्ता आबांची. खुर्चीवर कधी त्यांचा भाऊ, कधी चुलता, एकदा तर त्यांच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर बसला; सही कोणाचीही असो, निर्णय आबांचा. या वेळी त्यांनी बायकोचा अर्ज भरला. फ्लेक्सवर आबांचा फोटो कमरेपर्यंतचा होता आणि बायकोचा पोस्टाच्या तिकिटाएवढा, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत. उमेदवार कोण आहे हे मतदाराला चुकूनही कळू नये, याची पूर्ण काळजी घेतलेली होती.

विरोधी पॅनल नानांचं. नानांना जिंकायचं नव्हतं. त्यांना फक्त आबांना बिनविरोध होऊ द्यायचं नव्हतं. त्यासाठी हरायला तयार असलेली एक बाई हवी होती. नाना घरोघर फिरले. प्रत्येक घरात नवरे नाही म्हणाले. शेवटी नवरा नसलेलं घर शोधलं, ते अक्काचं.

अक्का आमच्याच गल्लीतली. वयानं माझ्याहून लहान, पण सगळं गाव तिला अक्का म्हणतं म्हणून मीही म्हणतो. खापरावरचे मांडे करायला तिला पंचक्रोशीतून लग्नाची बोलावणी येत. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत ती कोपरापर्यंत मोठा करायची आणि उपड्या तापलेल्या खापरावर असा टाकायची, की एक सुरकुती पडत नसे. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा सैन्यात. लगीनसराई संपत आली होती, हाताला काम नव्हतं. नानांनी अर्ज भर म्हटल्यावर तिनं भरला. नानांच्या पहिल्या पत्रकात तिच्याबद्दल एवढंच होतं की उमेदवार प्रेमळ स्वभावाच्या असून मांडे करण्यात निपुण आहेत. मुलगा फौजी असल्याचा उल्लेखही नव्हता. तेव्हा त्याची गरज नव्हती.

मग सीमेवर युद्ध सुरू झालं.

आमचं गाव सीमेपासून इतकं दूर आहे की कोणी शत्रूनं ठरवून नेम धरला तरी त्याला वाटेत दोनदा इंधन भरावं लागेल. पण टीव्हीवर सायरन वाजत होते आणि पाराजवळच्या टपरीवर माणसं हलक्या आवाजात बोलायला लागली, जणू शत्रू पलीकडच्या गोठ्यात बसून ऐकतोय. कोणत्या शहरावर आधी मारा करायचा याचे निर्णय रोज सकाळी चहाबरोबर होत. ज्यांना स्वतःच्या बांधाची हद्द तीस वर्षांत ठरवता आली नव्हती, ते देशाची नवी हद्द काडीनं मातीत आखून दाखवत होते.

त्या चर्चेत कोणाला तरी आठवलं, "भो, आपला बी एक फौजी शे ना तठे!"

त्या दिवसापासून अक्काचा मुलगा गावाचा झाला. नानांनी धुळ्याहून नवे फ्लेक्स आणले. मुलगा मधोमध, गणवेशात, मागे दुसऱ्याच कुठल्यातरी देशाचा रणगाडा, कोपऱ्यात अक्का. खाली लिहिलं होतं, वीरमातेला मत म्हणजे सैनिकाला मत. लोक फ्लेक्सपुढे उभे राहून सलाम ठोकायला लागले. हे पाहून आबा घाबरले. त्यांच्या घरात फौजी नव्हता; दोन्ही मुलं पुण्याला होती आणि दोघांनाही दम्याचा त्रास होता. आबांनी मग सैनिकी ठिपक्यांची टोपी विकत घेतली आणि ती घालून प्रचार सुरू केला. पांढऱ्या धोतर-सदऱ्यावर ती टोपी झाडावर अडकलेल्या पतंगासारखी दिसायची.

अक्काला यातलं काही फारसं कळत नव्हतं असं म्हणता येणार नाही. तिला सगळं कळत होतं. पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. मुलाचा रोज संध्याकाळी येणारा फोन बंद झाला होता.

तिच्याकडे बटणांचा जुना फोन होता. ती तो हातातच घेऊन फिरायची आणि भेटेल त्याच्यापुढे धरायची. मलाही विचारलं, "भाऊ, हाऊ वाजस ना? देख बरं. बिघडना तर नही?"

मी माझ्या फोनवरून तिला फोन लावून दाखवला. तो वाजला. तिचा चेहरा उजळला आणि लगेच पडला, कारण पुढे मीच उभा होतो.

एका सैनिकाचा फोन लागत नाही, एवढी एक गोष्ट गावात सकाळी सुटली. दुपारपर्यंत तो सापडत नव्हता. संध्याकाळी तो जखमी होता. दुसऱ्या दिवशी उजाडताना तो गेलेला होता. कोणाला कसं कळलं विचारलं तर तालुक्याहून कळलं म्हणत. तालुक्याला विचारलं तर तिथले म्हणत, तुमच्याच गावातून कळलं. मी ओळखीनं जिल्ह्याच्या कचेरीत विचारलं. त्यांच्याकडे अशी काही बातमी नव्हती. हे मी पारावर सांगितलं, तर नानांचा एक कार्यकर्ता माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत म्हणाला, "सर, त्या सांगाव नहीत. अशी गोट लपाडतस." म्हणजे बातमी नाही, हाच बातमीचा पुरावा झाला. इतिहासाचा प्राध्यापक म्हणून ही पद्धत मला नवीन नव्हती.

आमच्याकडे मयताच्या घरी बसायला जाण्याला दारावर जाणं म्हणतात. बायका गल्लीच्या तोंडापासूनच पदर तोंडाला लावून रडत येतात. पुरुष बाहेर ताडपत्रीवर बसतात, फार बोलत नाहीत. त्या घरात चूल पेटत नाही, चहापाणी होत नाही. आलेली माणसं काही खात-पीत नाहीत, घरी जाऊन आंघोळ करतात. आणि त्या घरातलं माणूस तेरा दिवस दुसऱ्याच्या दारात पाऊल ठेवत नाही. यातला शेवटचा नियम आबांना बरोबर आठवला.

त्या सकाळी अक्का ओट्यावर बाजरी निवडत बसली होती. मी समोर माझ्या ओट्यावर. गल्लीच्या तोंडाशी एकदम रडणं उठलं. आबांच्या गल्लीतल्या दहा-बारा बायका येत होत्या, पुढे आबांची बायको, म्हणजे प्रतिस्पर्धी उमेदवार. नाकापर्यंतचा पदर त्या दिवशी कामाला आला. "मना फौजी राजा रेऽऽ, मायले सोडी कोठे गया रेऽऽ" असं म्हणत ती अक्काच्या गळ्यात पडली.

अक्का सुपासकट मागे सरकली. "काय व्हयनं? कोन गयं?"

रडणाऱ्या बाईनं उत्तर द्यायचं नसतं.

"फोन उना का कोनले? कागद उना का?"

"बठ व अक्का, बठ," एक म्हातारी तिला खाली दाबत म्हणाली. "रडी ले. मन मोकळं व्हई जाई."

तोवर पुरुष आले होते. कोणीतरी ताडपत्री आणली. कोणाची होती ते मला माहीत आहे. आबांच्या कांद्याच्या ढिगावरची. एकदा ताडपत्री अंथरली की माणूस गेला. हे आमच्या गावात डॉक्टरच्या सहीपेक्षा पक्कं मानतात. ताडपत्री अंथरून मग उचलल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं.

अक्का उठली. आत गेली. सगळ्यांना वाटलं, आता हंबरडा ऐकू येईल. आतून स्टोव्हचा आवाज आला. थोड्या वेळानं ती मोठं पातेलं आणि कपबशा घेऊन बाहेर आली.

"चहा ल्या."

ताडपत्रीवरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

"अक्का, दारवरना घरमा चहा नही पेतस," एक म्हातारा म्हणाला.

"दारवरना घर कोठे शे? हाई मनं घर शे. पाहुणा उनात, चहा ल्या."

"तू भानवर नही शे, अक्का."

"मी भानवर शे, नाना. तुम्ही ल्या. तुम्हीच मना फारम भरा ना? ल्या."

नानांनी हात जोडले. तो नकार होता, पण फोटोत नमस्कार दिसला असता. तिनं कप आबांपुढे धरला. आबांनी टोपी काढली आणि मान खाली घातली. तिनं कप एकेकापुढे धरला. ज्यानं चहा घेतला असता त्यानं मुलगा जिवंत आहे असं म्हटल्यासारखं झालं असतं, आणि ते म्हणायची कोणाची तयारी नव्हती. मी घेतला, कारण सकाळपासून मला मिळाला नव्हता. माझ्या शेजारचा माणूस हातभर लांब सरकला.

उरलेला चहा तिनं परत पातेल्यात ओतला. दुपारी पुन्हा तापवून आणला. पुन्हा कोणी घेतला नाही. तीन दिवस हेच चाललं होतं. ती चूल विझू देत नव्हती आणि लोक ताडपत्री उचलत नव्हते. शेजारणी नियमाप्रमाणे भाकरी आणि फोडणी न दिलेलं वरण घेऊन यायच्या. अक्का ते दारातून परत करायची आणि स्वतः लसणाची खणखणीत फोडणी देऊन भाजी करायची. तो वास ताडपत्रीवर पोहोचला की माणसं मान हलवायची. बिचारीला अजून धक्का पचला नाही, असं म्हणायची. त्यांच्या पोटातही आवाज व्हायचे.

दुसऱ्या दिवशी आबा आणि नाना ताडपत्रीवर शेजारी शेजारी बसले होते. हे दृश्य गावानं बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"काही म्हना नाना, पोऱ्या गावनं नाव करी गया."

"करी गया ना, आबा. आते गावनं बी काही कर्तव्य शे."

"शे ना. पन अक्काले आते तेरा दिवस दारबाहेर निंघता येवाव नही." आबांनी सुस्कारा सोडला. "प्रचारनं तर राहीच गयं बिचारीनं."

नाना शांतपणे म्हणाले, "प्रचार लागस कोले, आबा? फोटो शे ना."

आपण बाईला घरात कोंडलं आणि तिच्या मुलाला गावभर उभं केलं, हे आबांच्या तेव्हा ध्यानात आलं. मुलगा गेला यावर दोन्ही पॅनलचं पूर्ण एकमत होतं. मतभेद फक्त त्याचा उपयोग कोणाला, एवढ्यावर होता. त्या दुपारी नानांनी धुळ्याला तिसऱ्या फ्लेक्सची ऑर्डर दिली. फोटो तोच, भोवती हार, बाजूला ज्योत. आबांनीही वेळ दवडला नाही. स्मारकासाठी आपली जागा देतो म्हणून त्यांनी ताडपत्रीवरूनच जाहीर केलं. ती जागा पाणी साचणारी होती आणि तिचं गिऱ्हाईक सापडत नव्हतं. स्मारक तिथे करायचं की स्टँडवर, यावरून थोडी बाचाबाची झाली. अक्का तेव्हा आत भांडी घासत होती. तिच्या हातून ताट पडल्याचा आवाज आला तसे सगळे आवाज खाली आले.

शाळेचं मैदान झाडून घेतलं होतं. मृतदेह कधी येणार, मंत्री येईल का, आला तर खुर्च्या कोणी आणायच्या, याचं नियोजन झालं होतं. हे सगळं करताना गाव खरोखर शोकात होतं, हे मी मुद्दाम सांगतो. माणसं खोटं रडत नव्हती. गावाच्या हातून इतिहासात पहिल्यांदा काहीतरी मोठं घडलं होतं आणि ते त्यांना फार आवडलं होतं.

धुळ्याहून एक मोबाइलवाला पत्रकार आला. त्यानं अक्कापुढे माइक धरला. "माई, देशाला काय संदेश द्याल?"

अक्कानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "तू धुळानं शे ना? मोठा मानूस दिखस. मना पोऱ्याले फोन लावाले सांग."

पत्रकारानं ते वाक्य कापलं आणि त्यावर बासरीचं संगीत टाकलं.

त्याच संध्याकाळी युद्ध थांबल्याची बातमी आली. पारावर कोणाला आनंद झाला नाही. शत्रूचं अजून एक शहर घ्यायचं राहिलं होतं. अक्का मात्र मला म्हणाली, "भाऊ, थांबनं ना? मंग आते फोन देतीन त्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताडपत्री भरलेली होती. मतदान दोन दिवसांवर आलं होतं, त्यामुळे दोन्ही पॅनलची हजेरी चांगली होती. अक्का नेहमीप्रमाणे चहाचं पातेलं घेऊन बाहेर आली आणि तिच्या कमरेला खोचलेला फोन वाजला.

पातेलं तिनं तिथेच खाली ठेवलं. त्या फोनचा मोठा आवाज सोडून बाकी सगळं बिघडलेलं होतं, त्यामुळे पलीकडचं बोलणं पूर्ण गल्लीला ऐकू आलं.

"माय, कशी शे?"

अक्कानं फोन दोन्ही हातांनी कानाला दाबला.

"माय? ऐकू येस का? आमना फोन जमा करेल व्हतात. आते दिधात."

"जेवना का तू?" ती म्हणाली.

"जेवनू. तठे गलका कसाना शे?"

"लोके दारवर येल शेतस."

"आपला घर? कोन गयं?"

"तू," अक्का म्हणाली.

पलीकडे तो हसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "कव्हय?"

"तीन दिन व्हयनात."

नाना गुडघ्यांवर रांगत फोनपाशी आले. त्यांना अजून आशा होती. "भो, मी नाना. तू सरहद्दवर शे ना? लढाईमा व्हता ना?"

"नही ना नाना. मी स्टोरमा शे. बूट आनि ब्लँकेट. सरहद्द आठेन भलती लांब शे."

फोन संपला. अक्का ओट्याच्या खांबाला टेकून खाली बसली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा रडली. तिच्याजवळ कोणी गेलं नाही. आनंदानं रडणाऱ्या बाईच्या दारावर काय करायचं असतं, याची आमच्याकडे रीत नाही.

ताडपत्रीवरच्या माणसांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं त्याला दुःख म्हणता येणार नाही. दुःख आदल्या दिवसापर्यंत होतं. आता तिथे लग्नाला जाऊन जेवण न मिळालेल्या माणसाचा चेहरा होता.

"मंग आते?" कोणीतरी म्हणालं. "उठानं का बसानं?"

"मना तर आवाज बसी गया रडी-रडी," आबांच्या गल्लीतली एक बाई म्हणाली.

"मी रोज घर जाईसन डोकावरतून आंघोळ कयी," म्हातारा म्हणाला. "मनी सर्दी कोनवर टाकू?"

शेवटी आबा उठले. त्यांनी ताडपत्रीचं एक टोक धरलं आणि त्यांच्या माणसांनी बाकीची. जाताना पातेल्यातला चहा पुन्हा तसाच राहिला. आता तो प्यायला कसलीच हरकत नव्हती, पण आता कोणाला इच्छा नव्हती.

दुपारपर्यंत गावाचं मत तयार झालं होतं: अक्कानं फसवलं. कसं फसवलं हे कोणाला सांगता येत नव्हतं. ती पहिल्या मिनिटापासून मुलगा जिवंत आहे असं म्हणत होती, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. तेच तिच्याविरुद्ध गेलं. तिले म्हाईत व्हतं, असं लोक म्हणू लागले. सीमेवर लढणारा मुलगा दाखवून मतं मागितली आणि निघाला बूट मोजणारा. टपरीवर त्याला बाटावाला म्हणायला लागले. ज्यांनी फ्लेक्सला सलाम केला होता त्यांना तो सलाम परत हवा होता.

तिसरा फ्लेक्स त्याच संध्याकाळी धुळ्याहून आला. छापणारा परत घ्यायला तयार नव्हता. नानांनी हारावर आणि ज्योतीवर पॅनलच्या निशाणीचे कागद चिकटवून तो स्टँडवर लावायला सांगितलं. निशाणी शिट्टी होती. वाऱ्यानं कागद निघाले आणि रात्रीतून हार पुन्हा दिसायला लागला.

आबांनी शेवटची सभा पारावर घेतली. माइकवर अहिराणी शोभत नाही असं त्यांचं मत असल्यानं ते प्रमाण मराठीत बोलत. "बंधू-भगिनींनो," ते म्हणाले, "शहिदाच्या मातेपुढे मी स्वतः नतमस्तक झालो असतो. माझ्या पत्नीला मी सांगितलं होतं, तू स्वतःला मत देऊ नको. पण देश संकटात असताना कोणी रक्त सांडत होतं आणि कोणी ब्लँकेटांच्या घड्या घालत होतं. आपण रडलो. आपले अश्रू खरे होते. त्या अश्रूंचा हिशोब कोण देणार?" टाळ्या पडल्या. माझ्या व्याख्यानाला पडल्या होत्या त्यापेक्षा जास्त.

नाना अक्काकडे आले तेव्हा मी तिच्या ओट्यावरच होतो. ते उभ्यानंच बोलले.

"अक्का, तो फोन घरमा जाईसन लेती तर काय बिघडतं व्हतं? दोन दिन दम काढती. मतदान व्हई जातं, मंग सांगती."

"काय सांगती?"

"हाईच. का जित्ता शे म्हनीसन."

अक्कानं त्यांच्याकडे पाहिलं. माझ्या मते त्या पाच दिवसांत तिला पहिल्यांदाच नवल वाटलं असावं.

"नाना, मना पोऱ्या जित्ता शे. तुमनी मतं घाला चुल्हामा."

नाना गेले ते मतदान होईपर्यंत दिसले नाहीत. दुसऱ्या दिवशी अक्कानं अंगणात खापर मांडलं आणि मुलाच्या नावानं मांडे केले. गल्लीतल्या प्रत्येक घरी स्वतः नेऊन दिले. ज्या घरच्या बायका गळ्यात पडल्या होत्या त्या घरीही दिले. कोणी नाही म्हटलं नाही. मांडे तिचे होते. पण मतदारांना आमिष दाखवल्याची तक्रार संध्याकाळच्या आत तालुक्याला गेली होती आणि एक जीप आली. जीपमधल्या साहेबांनी उरलेल्या मांड्यांचा पंचनामा केला. पुरावा टिकणारा नाही हे लक्षात आल्यावर तो तिथेच संपवला. साजूक तूप आहे का, एवढं त्यांनी विचारलं. होतं.

मतदान शाळेत झालं. झाडून ठेवलेलं मैदान कामाला आलं. रांग मोठी होती, शिस्त होती. आबांची सैनिकी टोपी घरी राहिली होती. माणसं अक्काकडे बघत नव्हती, बायका पदर सारखा करत होत्या. काही जणांची खरी अडचण होती, हे मी मान्य करतो. आबांना मत द्यायचं त्यांच्या जिवावर येत होतं आणि जी बाई आपल्याला तीन दिवस रडवून स्वतः हसली तिला द्यायचं तर अजूनच. नानांचं पॅनल तर घरातच बसलेलं, पण त्यांच्याही माणसांना बोटाला शाई लावून घ्यायची होती. अक्का मत देऊन आली, सावलीला बसली, फोन कमरेचा काढून पदरानं पुसला.

मोजणी दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीत होती. अक्का गेलीच नाही. मी गेलो होतो. संध्याकाळी परत आलो तोवर आबांच्या गल्लीत गुलाल उडायला लागला होता आणि डीजेवर देशभक्तीची गाणी चालू होती. अक्का आतल्या खोलीत दार लोटून बसली होती, गाण्यांच्या आवाजात फोन ऐकू येणार नाही म्हणून. मी निकाल सांगायला तोंड उघडलं तर तिनं हातानं थांबवलं.

"मांगून सांग, भाऊ. त्याना फोन येवाव शे आते."

फोन आला. डीजेमुळे मला पलीकडचं ऐकू आलं नाही, पण मुलानं निकाल विचारला असावा, कारण तिनं माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. आबांची बायको पहिली आली होती. यंत्रावर सगळ्यात खाली 'वरीलपैकी कोणीही नाही' असं एक बटण असतं, ते दुसरं आलं होतं. अक्का तिसरी. उमेदवार दोनच होत्या.